आधी सुई, मग स्पीकर

चि. पूर्वा,

आजोबांच्या रेकॉर्डी तुझ्या घरी आल्या हे फार बरं झालं. आता तू विचारतेस, स्पीकर बदलू की अँप्लिफायर? माझं उत्तर: सध्या दोन्ही नको. आयुष्यभर गिरगावातल्या दुकानात बसून मी लोकांचे अँप्लिफायर उघडले. आवाज वाईट येतो म्हणून आणलेल्यांपैकी बऱ्याच पेट्यांमध्ये काही बिघाडच नसायचा. बिघाड असायचा घरी, सुईच्या टोकाशी.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. खाचेतलं जे सुईने उचललं नाही, ते पुढचं कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही. उलट सुईने केलेली खरखर भारी स्पीकर आणखी स्वच्छ ऐकवतो. सत्तरच्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीने ‘एलपी १२’ हे टर्नटेबल विकताना हाच मुद्दा लावून धरला होता. तोवर लोक सगळं श्रेय स्पीकरला द्यायचे. त्या टर्नटेबलाची किंमत आपल्या आवाक्यातली नाही, पण मुद्दा फुकट आहे, तो घे. म्हणून सांगतो त्याच क्रमाने चल.

सूटकेसवर पैसा घालू नकोस

तुझ्याकडे जो सूटकेसचा प्लेअर आहे, तो सुधारण्याच्या भानगडीत पडू नकोस. अशा बहुतेक यंत्रांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) असतं, ते पाच-सहा ग्रॅम वजनाने खाचेवर बसतं आणि ते वजन कमी-जास्त करायची सोय नसते. स्पीकर त्याच खोक्यात, म्हणजे त्याची थरथर सरळ सुईत. हौस म्हणून बाजारातली एखादी घासलेली रेकॉर्ड त्यावर वाजव, आजोबांच्या रेकॉर्डी मात्र लावू नकोस.

टर्नटेबल घेताना तीन गोष्टी बघ: आर्मच्या मागे फिरवता येणारं वजन हवं, अँटिस्केटिंगची, म्हणजे आर्मची आतली ओढ थोपवायची, सोय हवी आणि कार्ट्रिज बदलता यायला हवं. एवढं असलं की साधं, वापरलेलं यंत्रही चालेल. पट्ट्याचं असेल तर पट्टा नवा घाल. आपल्या उकाड्यात रबर कडक होतं नाहीतर सैल पडतं. भाजीच्या जुडीचं रबरबँड लावून काम भागवणारे महाभाग मी पाहिलेत. तू त्यांच्यात जाऊ नकोस. बेअरिंगला तेल मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेच आणि तेवढंच. खोबरेल तेल तर चुकूनही नको, थंडीत ते गोठतं.

अमेरिकेतला चुलतभाऊ तिकडचं जुनं टर्नटेबल आणून देतो म्हणाला, तर आधी मोटर कुठली आहे ते विचार. जुन्या पट्ट्याच्या यंत्रांत बऱ्याचदा विजेच्या सायकलवर चालणारी सिंक्रोनस मोटर असते. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट मिळतील, पण हर्ट्झ बदलणार नाहीत. मग ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला जेमतेम पावणेअठ्ठावीस फेरे घेईल आणि काळी चारात गाणारी बाई पांढरी चारात गाऊ लागेल. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तरच ते आण. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण नाही, तिथे फक्त व्होल्टेज सांभाळ.

धुतल्याशिवाय सुई टेकवायची नाही

आजोबांच्या रेकॉर्डींवर किती वर्षांची धूळ आहे? त्यात देवघरातल्या उदबत्तीचा आणि निरांजनाचा तेलकट धूर, आणि वर पावसाळ्यातली बुरशी. एलपीच्या एका बाजूची खाच सरळ उलगडली तर जवळपास अर्धा किलोमीटर लांब भरेल. एवढ्या वाटेवरची घाण सुई एकटीने नांगरत जाते. धुण्याने जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळ महागड्या वस्तूंनी पडत नाही.

पाणी डिस्टिल्ड घे, बॅटरीवाल्याकडे किंवा केमिस्टकडे मिळतं. बोअरचं किंवा नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात. लिटरभर पाण्यात बिनवासाच्या सौम्य लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब पुरे. रेकॉर्ड स्वच्छ टॉवेलवर ठेव, मऊ ब्रशने किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने खाचेच्या दिशेने गोल पूस, आडवं घासू नकोस. मधलं लेबल कोरडं राहू दे. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढ आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळव. उन्हात अजिबात नाही. व्हिनाइल उन्हाने वाकतं आणि मग आवाजासकट सगळंच लाटांवर जातं.

फेव्हिकॉलचा थर देऊन तो सालीसारखा सोलून काढायची युक्ती तुला कुणीतरी सांगेलच. ती कधी जमते, कधी गोंद खाचेत अडकून बसतो. ठेवणीतल्या रेकॉर्डीवर नसते प्रयोग करू नकोस.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नकोस, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. आत पॉलिथिनचं अस्तर असलेली पाकिटं घे. पीव्हीसीचं जाड, चिकट कव्हर टाळ. वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की रेकॉर्डीवर धुरकट डाग उठतात. रेकॉर्डी उभ्या ठेव, तिरक्या नाहीत, एकावर एक तर मुळीच नाहीत, आणि बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला लागून नाहीत. प्रत्येक वेळी लावायच्या आधी कार्बन फायबरचा ब्रश दोन फेरे फिरव, तेवढ्याने रोजची धूळ जाते.

पाया पक्का आणि सपाट

सुईचं काम केसाहून बारीक हालचाल टिपायचं. तू खोलीत चाललीस, खालून ट्रक गेला, स्पीकरने टेबल हलवलं, हे सगळं ती गाण्यात मिसळते. म्हणून टर्नटेबल आणि स्पीकर एका टेबलावर कधीच नकोत. फरशी हलत असेल तर भिंतीत ठोकलेली मजबूत फळी उत्तम. नाहीतर किचनच्या कामातून उरलेली कडप्प्याची लादी मार्बलवाल्याकडून कापून घे, खाली रबराचे चार पाय लाव आणि वर टर्नटेबल ठेव. यासाठी हजारोंचे स्टँड विकले जातात. निम्म्याहून जास्त काम ही लादी करते. सुताराची छोटी लेव्हल तबकडीवर दोन्ही दिशांनी ठेवून सपाटी बघ. यंत्र कलंडलेलं असेल तर पुढची सगळी मापं खोटी.

वेग तंबोऱ्यावर तपास

वेग मोजायला कागदी स्ट्रोबोस्कोप पुरतो. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेषांची चकती लागते. वेग बरोबर असला की रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. पण चांगल्या एलईडी दिव्याखाली हे जमत नाही, कारण त्याचा उजेड विजेच्या सायकलबरोबर लुकलुकत नाही. जुनी चोकची ट्यूबलाइट किंवा नाइटलॅम्पचा निऑन दिवा शोध. मोबाइलवर फेरे मोजणारी अ‍ॅप्सही आहेत, फोन तबकडीच्या मधोमध ठेवायचा.

खरी परीक्षा मात्र कानाची. एखादी ख्यालाची एलपी लाव आणि आलापाच्या आधीचा नुसता तंबोरा ऐक. तंबोऱ्यासारखा लांब, सलग सूर वेगाची कुठलीही लबाडी लपवू देत नाही. सूर दर पावणेदोन-दोन सेकंदांनी वर-खाली डुलत असेल तर तो फेऱ्याबरोबर डुलतोय, कारण ३३⅓ ला एक फेरा १.८ सेकंदांचा. आता आर्मकडे बघ. आर्म डावी-उजवीकडे झुलत असेल तर रेकॉर्डीचं भोक मधोमध नाही, यंत्राला दोष देऊ नकोस. आर्म वर-खाली होत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे. आर्म स्थिर आणि सूर डुलतोय, तर पट्टा, पुली किंवा बेअरिंग बघ. संपूर्ण गाणंच चढं किंवा उतरतं वाटत असेल तर वेग चुकलाय. तीन टक्क्यांच्या चुकीने सूर अर्ध्या पट्टीने म्हणजे अर्ध्या सेमिटोनने हलतो, आणि पेटी घेऊन शेजारी बसलीस तर तुला लगेच कळेल.

वजन कमी म्हणजे रेकॉर्ड सुरक्षित, हा भ्रम

पुष्कळ रेकॉर्डी या गैरसमजाने खराब होतात. वजन कमी पडलं की जोरकस तानेला सुई खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आदळते. त्या प्रत्येक आदळण्याचा व्रण कायमचा राहतो. कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहायचं, आणि शंका असेल तर मर्यादेच्या मधल्यापेक्षा किंचित वरच्या बाजूला. ऑर्टोफोनच्या ‘२एम रेड’ला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या ‘व्हीएम९५’ मालिकेतल्या एलपीच्या सुयांना २ ग्रॅम.

पद्धत अशी: अँटिस्केटिंग शून्यावर ठेव, मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं कर, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आण आणि मग हवं तेवढं वजन दे. चकतीवर विश्वास ठेवून थांबू नकोस. सुईच्या वजनाचा छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. माप घेताना काट्याचा माथा रेकॉर्डीच्या उंचीवर हवा. नंतर अँटिस्केटिंग साधारण त्याच आकड्यावर ठेव.

मग कार्ट्रिजचा कोन. प्रोट्रॅक्टरचा कागद इंटरनेटवर फुकट मिळतो, पण छापताना लक्ष दे. झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर ‘फिट टू पेज’वर असला तर माप आक्रसतं. छापलेली रेष आधी पट्टीने मोज. नेहमीच्या मांडणीत मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर दिसल्या पाहिजेत. समोरून सुई सरळ उभी हवी. छोटा आरसा ठेवून बघितलंस तर प्रतिबिंबात तिरकेपणा दुप्पट दिसतो. बाजूने आर्म रेकॉर्डीला समांतर हवा. स्क्रू घट्ट करताना सुईचं टोपण लावलेलं असू दे.

तारांचे रंग लिहून ठेव: पांढरी डावी अधिक, निळी डावी उणे, लाल उजवी अधिक, हिरवी उजवी उणे. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरिंग आयर्न लावायचं नाही, उष्णतेने आतली बारीक तार जाते. तारांच्या टोकाच्या टोप्या चिमट्याने हळू सरकवायच्या.

हे झाल्यावर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐक. रेकॉर्डीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच क्षणाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. म्हणून ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं शेवटच्या गाण्यात फिसकटतात. पहिलं गाणं स्वच्छ आणि शेवटचं फिसकटलेलं असेल तर कोन पुन्हा बघ. कोन बरोबर असूनही फिसकटतं, तर मग सुईचा नंबर.

इथे पैसा घाल

सुईचं टोक हिऱ्याचं असलं तरी झिजतं. साधी शंकूची सुई खाचेत जाड बसते, एलिप्टिकल जास्त बारीक वळणं टिपते, मायक्रोलाइन आणि शिबाता त्याहून जास्त. ऑडिओ-टेक्निका स्वतः एलिप्टिकल सुईचं आयुष्य ३०० तास सांगते आणि मायक्रोलाइनचं १०००. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकलीस तर ३०० तास सव्वा वर्षात संपतात. म्हणजे महाग वाटणारी मायक्रोलाइन तासाच्या हिशेबाने तेवढी महाग पडत नाही.

व्हीएम९५ चा फायदा असा की कार्ट्रिजचं अंग एकच, सुया बदलता येतात. आज एलिप्टिकल घे, ती झिजली की त्याच अंगावर मायक्रोलाइन लाव. पुन्हा कोन जुळवायची कटकट फारशी नाही. ऑर्टोफोनच्या २एम रेडवरही २एम ब्लूची सुई बसते. नकली सुया बाजारात भरपूर आहेत, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. ‘जुना स्टॉक, न वापरलेली’ म्हणून कुणी चाळीस वर्षांपूर्वीची सुई दाखवली तर मोहात पडू नकोस; डबीत पडल्या पडल्याही आतलं रबर कडक होतं.

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजची घाई करू नकोस. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी बनलेलं डेनॉनचं ‘डीएल-१०३’ १९६० च्या दशकापासून आजही निघतं, नाव ऐकून तुलाही हवंसं वाटेल. पण त्याचा सिग्नल ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास, त्याला जड आर्म लागतो, वेगळी फोनो स्टेज लागते (ती काय ते पुढे सांगतो) आणि सुई झिजली की सगळं कार्ट्रिजच बदलावं लागतं. अजून तरी ते शौकिनांचं काम.

सुई साफ करताना ब्रश मागून पुढेच, रेकॉर्ड फिरते त्या दिशेने. उलटं किंवा आडवं केलंस तर कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक दांडी, वाकून हातात येईल.

अठ्ठ्याहत्तरची चूल वेगळी

आजोबांच्या पेटीत मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या, लाखेच्या जड, ठिसूळ तबकड्याही असणार. आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या. त्यांची खाच रुंद. सुई तीन मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन. एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉनची, ती त्या खाचेच्या तळाशी खडखडत राहते. व्हीएम९५ ला अठ्ठ्याहत्तरची वेगळी सुई मिळते, ती घे आणि तिच्या डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. वजनही त्या सुईच्या कागदावर दिलंय तेवढंच द्यायचं.

दोन गोष्टी जन्मभर विसरू नकोस. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं नाही, लाख अल्कोहोलात विरघळते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावायची नाही. त्याची पोलादी सुई एका बाजूला एक अशी झिजायलाच बनवलेली असते. व्हिनाइलची खाच ती एका फेऱ्यात खरवडून काढेल.

फोनो, अर्थिंग आणि मोनो

कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा. शिवाय १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए पद्धतीने रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम घटवतात आणि तार सूर वाढवतात. फोनो स्टेज ते उलटं करून पूर्ववत करते. टर्नटेबल थेट ऑक्समध्ये लावलंस तर आवाज मलूल आणि पातळ येतो. टर्नटेबलातही फोनो आणि अँपलाही फोनो असं दोनदा झालं तर आवाज फाटतो. मागे ‘फोनो/लाइन’ असा खटका असतो, तो आधी बघ. नव्वद टक्के तक्रारी नसल्या, तरी पुष्कळ तक्रारी या एका खटक्यावर मिटतात. वेगळी फोनो स्टेज घ्यायची झाली तर सबसॉनिक फिल्टर असलेली घे. मग वाकलेल्या रेकॉर्डीने स्पीकरचा पडदा उगाच आत-बाहेर धापा टाकत नाही.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थ वायर फोनोच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट आहे का बघ. भिंतीच्या सॉकेटच्या अर्थला ती जोडू नकोस.

आणि रेकॉर्डीचा क्रमांक वाचायची सवय लाव. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर ‘ईसीएलपी’ किंवा ‘ईएएलपी’ असेल तर ती मोनो. ‘ईसीएसडी’ किंवा ‘ईएएसडी’ असेल तर स्टीरिओ. मोनो रेकॉर्डीत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसती खरखर. अँपवरचं मोनोचं बटण दाबलंस की ती उभी खरखर गळून पडते. आजोबांच्या किती तरी रेकॉर्डी एका बटणाने सुधारतील.

स्पीकर सगळ्यात शेवटी

आहेत तेच स्पीकर आधी नीट मांड. दोन स्पीकर आणि तुझी खुर्ची मिळून समभुज त्रिकोण व्हावा, तार सुरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर यावा, मागची भिंत थोडी लांब राहावी. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर तबला घुमवतो, मग डग्गा घुमतो की नुसती खोली, ते कळत नाही. रिकाम्या खोलीत पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट यांनी पुष्कळ फरक पडतो. एवढं करूनही समाधान झालं नाही तर स्पीकर बदल, आणि दुकानात जाताना स्वतःच्या ओळखीची रेकॉर्ड बरोबर ने. किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी तुला पाठ आहे, तीच ने. अनोळखी गाण्यावर प्रत्येक स्पीकर चांगलाच वाटतो.

शेवटचं. एका वेळी एकच गोष्ट बदल, मग आठवडाभर ऐक आणि वहीत तारखेसकट लिहून ठेव. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठल्या पैशाचा उपयोग झाला ते कधीच कळत नाही. येता महिनाभर रेकॉर्डी धुणं, सपाटी, वजन आणि कोन एवढंच कर. टर्नटेबल, डिस्टिल्ड पाणी, काटा, पाकिटं आणि एक कडप्प्याची लादी यापलीकडे काही विकत घेऊ नकोस. त्यानंतरही अँप्लिफायर बदलावासा वाटला, तर खुशाल फोन कर. कुठला घ्यायचा ते सांगतो.

तुझा,
मामा